मागे राहिलेला ससा

तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी, नाहीतर शेजारीपाजारी, पांढऱ्याशुभ्र सशांची एखादी जोडी असेल. दोघे एकाच टोपलीत अंगाला अंग लावून झोपतात, एकमेकांचे कान चाटतात, कोथिंबिरीची काडी दोन टोकांकडून कुरतडत मध्यावर येऊन भेटतात. अशा जोडीतला एक ससा एके दिवशी मरतो. दुसरा कोपऱ्यात तोंड करून बसतो. गाजर पुढे केले तर हुंगतो आणि मान वळवतो. घरातले कोणी म्हणते, "बिचारा दुःखी झालाय, होईल दोन दिवसांत ठीक." दुसरे कोणी म्हणते, "छे! जनावराला कसले आले आहे दुःख?"

ही दोन्ही माणसे परस्परविरुद्ध बोलत आहेत असे वाटते. पण दोघांच्या बोलण्याचा परिणाम एकच होतो. दोघेही स्वस्थ बसून राहतात. आणि मागे राहिलेल्या सशाच्या दृष्टीने हे स्वस्थ बसणेच सर्वांत धोक्याचे असते. ते कसे, आणि अशा वेळी तुमच्यासारख्या शाळकरी मुलामुलींना काय करता येईल, ते या लेखात पाहू. मी शिकवतो पदार्थविज्ञान. प्राणिशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. परंतु जे बोलून सांगता येत नाही ते मोजून कसे जाणून घ्यावे, हा प्रश्न दोन्ही शास्त्रांना सारखाच लागू आहे.

कोणता ससा?

प्रथम एक घोटाळा दूर करू. मराठीत 'ससा' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरतो. आपल्या माळरानावर, शेताच्या बांधावर संध्याकाळी टुणकन उडी मारून पळणारा तपकिरी ससा हा एक. तो बीळ खणत नाही, गवतातल्या खळग्यात दबून बसतो आणि बहुधा एकटाच राहतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. ससा-कासवाच्या गोष्टीतला ससा याच जातकुळीतला. त्याला पकडून घरी पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा.

आपल्या घरातला पाळीव ससा मूळचा युरोपातला, त्यातही स्पेन-पोर्तुगालकडचा. तो बिळे खणतो. एकमेकांना जोडलेल्या बिळांची मोठी वसाहत करून हे ससे गटाने राहतात. त्यांची पिल्ले जन्मतः उघडीबोडकी, डोळे मिटलेली असतात. रोनाल्ड लॉक्ली या निसर्गशास्त्रज्ञाने वेल्स प्रांतात अशा सशांचे दीर्घकाळ निरीक्षण करून १९६४ साली त्यांच्या खाजगी जीवनावर पुस्तक लिहिले. ऑस्ट्रेलियात रोमन मिकिटोविच यांनी दाखवून दिले की, सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात आणि हनुवटी घासून तो आपल्या मुलखावर वासाची खूण करतो. तुमचा ससा खुर्चीच्या पायाला हनुवटी घासतो तेव्हा तो हेच करत असतो.

तात्पर्य, पाळीव सशाच्या हजारो पिढ्या शेजाऱ्यांच्या सहवासात गेल्या आहेत. शेजारी असणे म्हणजे धोक्यावर पाळत ठेवणारे आणखी दोन कान असणे. म्हणून त्याला एकटे राहणे म्हणजे केवळ करमत नाही एवढ्यावर भागत नाही.

दाराला विचारलेला प्रश्न

"पण सशाला सोबत हवी असते, हे कशावरून?" असे तुम्ही विचारले तर मला आनंदच होईल. सशाला विचारता येत नाही. मात्र दाराला विचारता येते!

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रयोगशाळेतल्या माद्यांसमोर ढकलून उघडायची दारे ठेवली होती. एका दारापलीकडे अन्न, एका दारापलीकडे दुसऱ्या सशाची भेट, अशी मांडणी होती. मग दारांवरचा भार हळूहळू वाढवत नेला. दार जितके जड, तितके बळ जास्त लावावे लागणार. ससा कोणत्या भारापर्यंत ढकलत राहतो आणि कोणत्या भाराला माघार घेतो, यावरून पलीकडच्या वस्तूची त्याच्या लेखी किती किंमत आहे ते कळते. या माद्यांनी दुसऱ्या सशाच्या भेटीसाठी जवळजवळ अन्नाइतकीच किंमत मोजली. भुकेनंतर लगेच सोबतीचा क्रमांक लागावा, ही लहान गोष्ट नव्हे.

सोबतीची ऊब

आता थोडे गणित करू. एक सेंटीमीटर बाजूचे दोन ठोकळे घ्या. प्रत्येकाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर. दोन्ही मिळून १२. आता ते एकमेकांना चिकटवून ठेवा. मधल्या दोन बाजू झाकल्या गेल्या. उघडे पृष्ठफळ उरले १०. म्हणजे एक षष्ठांश घट झाली. वस्तूतली उष्णता तिच्या उघड्या पृष्ठभागातून बाहेर जाते. म्हणून थंडीत दोन ससे चिकटून बसतात तेव्हा दोघांचीही उष्णता वाचते. ससा काही ठोकळा नव्हे, पण तत्त्व तेच.

ब्रिटनमधील एका आश्रयगृहात हिवाळ्यात केलेला आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे. एकटे ठेवलेल्या सशांच्या शरीराचे तापमान जोडीने ठेवलेल्या सशांपेक्षा सुमारे अर्ध्या अंश सेल्सिअसने कमी आढळले. शिवाय पिंजऱ्याचे गज चावत बसण्याची सवय काही एकट्या सशांत दिसली. जोडीतल्या एकाही सशात दिसली नाही.

यावरून मदतीचा पहिला धडा मिळतो. जोडीदार जाताना आपली ऊब बरोबर घेऊन जातो. डिसेंबर-जानेवारीत नाशिक-पुण्याकडे रात्री चांगल्याच गार होतात. एकट्या उरलेल्या सशाला वाऱ्याच्या झोतात ठेवू नका. पुठ्ठ्याच्या किंवा लाकडाच्या खोक्यात भरपूर कोरडे गवत घालून द्या, म्हणजे तो त्यात शिरून बसेल. उन्हाळ्यात मात्र उलट काळजी घ्यावी लागते. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. जादा उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. हवेचे तापमान ३० अंशांच्या वर जाऊ लागले की त्याला त्रास होतो. एप्रिल-मे महिन्यात मलूल पडलेला ससा जोडीदाराच्या आठवणीने नव्हे, तर उष्माघाताने पडलेला असू शकतो.

दुःख की आजार?

येथेच आपण मूळ मुद्द्यावर येतो. प्राण्यांना दुःख होते का, या प्रश्नाला चार्ल्स डार्विनने १८७२ साली हात घातला. माणसांच्या व प्राण्यांच्या भावनांवर त्याने स्वतंत्र ग्रंथच लिहिला. अलीकडे बार्बरा किंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ साली प्राण्यांच्या शोकावर पुस्तक लिहिले. त्यांनी कसोटी अशी सुचवली: दोन प्राणी केवळ गरजेपुरते नव्हे, तर आपणहून एकमेकांच्या सहवासात राहत असतील, आणि एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याचे खाणे, झोपणे, वावरणे स्पष्टपणे बदलले असेल, तर त्याला शोक म्हणता येईल. या कसोटीत प्राण्याच्या मनात शिरायचा दावा नाही. बाहेरून दिसणारा बदल तेवढा टिपायचा आहे. मला ही कसोटी पसंत आहे, कारण ती तपासता येते.

पण सावध राहा. "दुःखी झालाय" हे निदान नव्हे. ससा हा दुसऱ्यांचे भक्ष्य होणारा प्राणी. दुबळेपणा दाखवला की शिकाऱ्याचे लक्ष जाते. म्हणून आजार लपवण्याकडेच त्याचा कल असतो. कुत्र्यासारखा तो केकाटत नाही. खाणे सोडून गप्प बसणे, अंग चोरून घेणे, दात करकर वाजवणे ही वेदनेची लक्षणे असू शकतात. आणि यांतली पहिली दोन लक्षणे दुःखाचीही असतात! शिवाय जोडीदार ज्या रोगाने गेला तोच रोग याला झालेला असणेही शक्य आहे. कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म परजीवींचे बीजकोश लेंड्यांवाटे बाहेर पडतात आणि दूषित चाऱ्यातून दुसऱ्या सशाच्या पोटात जातात. नाक वाहणे, शिंका येणे हा जिवाणूंमुळे होणारा विकारही एकाकडून दुसऱ्याला लागतो. सशाचे पुढचे दात वर्षाला सुमारे १० ते १२ सेंटीमीटर वाढतात. ते वेडेवाकडे वाढले तर इच्छा असूनही खाता येत नाही. म्हणून आधी आजाराची शक्यता तपासून घ्यायची आणि मगच दुःखाचे नाव घ्यायचे.

पोटाची गिरणी

समजा, खरोखरच त्याने दुःखानेच खाणे सोडले आहे. तरीही थांबून चालणार नाही. का, ते पाहा.

सशाचे पोट म्हणजे सतत चालू ठेवावी लागणारी गिरणी. गवतातले तंतू आतड्यांना हलते ठेवतात. लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्यावर अंधनाल नावाची मोठी पिशवी असते. तिच्यात असंख्य सूक्ष्मजंतू तंतूंवर काम करतात आणि त्यातून तयार झालेल्या मऊ लेंड्या ससा पुन्हा खातो. किळस मानू नका. त्यातूनच त्याला काही जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात. आता चारा आत येणे बंद झाले की आतड्यांची हालचाल मंदावते. पोटात वायू साठतो, पोट दुखते. पोट दुखते म्हणून ससा आणखी खात नाही, आणि खात नाही म्हणून हालचाल आणखी मंदावते. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे तीही वाट बंद. शिवाय उपास लांबला तर शरीरातली चरबी यकृतात साठून यकृत निकामी होऊ लागते.

म्हणजे सुरुवात मनापासून झाली असली, तरी शेवट शरीरावर होतो. माणूस एक दिवस जेवला नाही तर फारसे बिघडत नाही. सशाचे तसे नाही. दहा-बारा तासांत त्याने काहीच खाल्ले नसेल किंवा एकही लेंडी टाकली नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यायला हवे. उद्या सकाळी पाहू, असे म्हणू नका. घरातले माणसांचे औषध तर मुळीच देऊ नका. पेनिसिलिन गटातली काही औषधे तोंडावाटे दिल्यास सशाच्या पोटातले उपयुक्त जंतू मरून ससा दगावू शकतो.

पहिले काही दिवस

जोडीदार मेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे मृत्यूचे कारण शोधणे. शक्य असेल तर मेलेला ससा पशुवैद्याला दाखवा. सांसर्गिक रोगाची शंका असेल तर मृत ससा लगेच वेगळा करा, पिंजरा घासून धुवा व उन्हात वाळवा. तशी शंका नसेल, तर मागे राहिलेल्या सशाला काही वेळ त्याच्याजवळ राहू द्यावे, असे ससे पाळणारे अनुभवी लोक सांगतात. तो हुंगतो, चाटतो, ढोसतो आणि मग बाजूला होतो. एरवी तो जोडीदाराला शोधत फिरत राहण्याचा संभव असतो, असा त्यांचा अनुभव आहे.

नंतर त्याचे वेळापत्रक शक्यतो बदलू नका. जागा तीच, चाऱ्याची वेळ तीच. रोग नसेल तर जुने अंथरूण एकदम फेकून देऊ नका. त्याच्या ओळखीचा वास राहू द्या. वाळलेले गवत रात्रंदिवस पुढे असू द्या. कोवळी हरळी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला यांचा वास त्याला खायला प्रवृत्त करतो. पण कीव येऊन बिस्किटे, पाव किंवा गोड पदार्थ देऊ नका. त्यांनी पोट आणखी बिघडते.

आणि हो, त्याला सारखे उचलून छातीशी धरू नका. जमिनीवरून पाय सुटणे म्हणजे शिकाऱ्याने पकडणे, अशीच त्याच्या शरीराची समजूत असते. त्याचा सांगाडा वजनाला हलका आणि मागचे पाय भलते जोरकस. घाबरून झटका दिला तर स्वतःचाच कणा मोडू शकतो. त्यापेक्षा संध्याकाळी त्याच्या खोलीत जमिनीवर बसून अभ्यास करा. तो आपण होऊन जवळ आला तर कपाळावरून हळूच हात फिरवा. नाही आला तर वाचत राहा. जवळ कोणीतरी शांतपणे बसले आहे, एवढीसुद्धा त्याला सोबत असते.

तराजू आणि वही

आता माझ्या विषयाकडे येतो. एक वही घ्या आणि पाच रकाने आखा: तारीख व वेळ, वजन, खाल्लेला चारा, लेंड्या, वागणूक.

वजनासाठी स्वयंपाकघरातला पाच किलोपर्यंतचा इलेक्ट्रॉनिक काटा चालेल. माणसांच्या वजनकाट्याचे लघुतम माप अर्धा किलो असेल, तर तो येथे निरुपयोगी आहे. आधी रिकाम्या टोपलीचे वजन करा, मग सशासह, आणि वजाबाकी करा. ससा हलतो, म्हणून तीन वाचने घेऊन सरासरी काढा. रोज ठराविक वेळी, सकाळच्या चाऱ्याआधी वजन करा. वीस-तीस ग्रॅमचा फरक पोट भरलेले वा रिकामे असण्यानेही पडतो. त्याने घाबरू नका. आलेखावर बिंदू मांडा आणि रेषा कुठे चालली आहे ते पाहा. ती सारखी खाली जात असेल तर वाट पाहू नका. दोन किलोच्या सशाचे वजन २०० ग्रॅमने कमी झाले, तर ते ५० किलोच्या मुलाचे ५ किलो कमी होण्यासारखे आहे.

चारा ठेवताना तोला आणि दुसऱ्या दिवशी उरलेला तोला. लेंड्या मोजण्याचे काम हसण्यासारखे वाटेल. पण पोटाच्या गिरणीचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही. निरोगी ससा दिवसाला शेदोनशे किंवा त्याहूनही अधिक लेंड्या टाकतो. त्या एकाएकी लहान, थोड्या किंवा कोरड्या झाल्या तर आत काहीतरी बिघडते आहे असे समजा. शेवटच्या रकान्यात 'उदास' असे लिहू नका. 'सकाळी दोन तास कोपऱ्यात, हाक मारल्यावर कान हलवले नाहीत' असे लिहा. पहिला शब्द तुमचे मत आहे, दुसरे वाक्य निरीक्षण आहे. पशुवैद्याला उपयोग होतो तो दुसऱ्याचा.

ज्यांच्या घरी आज दोन्ही ससे सुखरूप आहेत, त्यांनी ही वही आजच सुरू करावी. नेहमीचे वजन किती, हेच माहीत नसेल, तर ते कमी झाले हे कळणार कसे?

नवा सोबती

"मग दुसरा ससा आणला की झाले!" असे वाटेल. नवा सोबती हा बहुतेक वेळा खरा उपाय असतो, पण तो घाईने करायचा नाही. अनोळखी सशाला एकदम पिंजऱ्यात सोडले तर जुना ससा त्याला घुसखोर समजतो. त्यांची मारामारी भयंकर असते. कातडी फाटते, डोळे जातात.

मृत्यूला रोग कारण असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय नवा ससा आणू नका. नर-मादीची जोडी सहसा उत्तम जमते, पण दोघांचेही निर्बीजीकरण झालेले हवे; नाहीतर मादी सुमारे ३१ दिवसांत विते आणि थोड्याच काळात पिंजरा पुरेनासा होतो. शस्त्रक्रियेनंतरही नर काही आठवडे प्रजननक्षम राहतो, हे विसरू नका.

सुरुवातीला दोघांचे पिंजरे थोड्या अंतरावर शेजारी ठेवा. एकाचे अंथरूण दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे पहिल्याकडे असे वास ओळखीचे करा. मग दोघांनाही परक्या असलेल्या जागी, जेथे कोणाचीच हनुवटी घासलेली नाही अशा खोलीत, पाच-दहा मिनिटे मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली भेट घडवा. थोडा पाठलाग चालेल. चावाचावी दिसताच जाड टॉवेल मध्ये घालून वेगळे करा. कधी ही ओळख चार दिवसांत होते, कधी काही आठवडे लागतात. एक दुसऱ्याचे कपाळ चाटू लागला आणि दोघे शेजारी आडवे झाले, की जमले असे समजा. आणि जमलेच नाही, किंवा ससा फार म्हातारा असेल, तर तुमचा रोजचा वेळ हीच त्याची सोबत.

शिक्षकांना एक सूचना. वर्गात ससा असेल तर वजनाचा आलेख, सरासरी व मोजमापातल्या चुका हे सारे त्याच्या वहीवरून शिकवता येईल. परंतु एकटा राहिल्यावर तो काय करतो हे पाहण्यासाठी चांगली जोडी कोणी मुद्दाम तोडू नये. जे दुर्दैवाने घडते त्याचे निरीक्षण करणे हे शास्त्र. निरीक्षणासाठी दुर्दैव घडवणे हा निव्वळ निर्दयपणा.

आणि विद्यार्थी मित्रहो, ससा मेल्यावर तुम्हांलाही वाईट वाटेल. रडू आले तर लाजू नका. पण सकाळी वजनाची वेळ झाली की डोळे पुसून काटा काढा. सशाच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला कधी कळेल न कळेल. त्याने आज किती गवत खाल्ले, हे मात्र आजच कळू शकते. आणि त्याचा जीव वाचतो तो एवढ्याशा माहितीवर.